कोरजुव्याच्या तटावरील फुगवट्याचा उलगडा

गोव्यातील हळदोण्याजवळच्या कोरजुवे किल्ल्याच्या एका तटाला मधोमध ९ सेंटिमीटरचा फुगवटा आल्याचे मी मागील नोंदीत लिहिले होते आणि मुरलेल्या पाण्यामुळे आतला भराव चिरे बाहेर ढकलत असावा, असा तर्कही केला होता. ती नोंद मी मागे घेत आहे. तट सरळ आहे. वाकडे होते ते अनेक छायाचित्रे जोडून संगणकावर तयार केलेले माझे त्रिमितीय मॉडेल.

पोर्तुगीजांनी १७०५ मध्ये बांधलेला हा किल्ला म्हणजे चार कोपऱ्यांना चार बुरूज असलेला आटोपशीर चौकोन असल्यामुळे एकट्या हौशी माणसाच्या आवाक्यात येतो. जांभ्याचा खडबडीत, छिद्राछिद्रांचा पृष्ठभाग या कामाला फार मानवतो, कारण एकच खळगा निरनिराळ्या छायाचित्रांत ओळखणे संगणकाला सोपे जाते. गिलावा केलेल्या पांढऱ्या भिंतीवर नेमके तेच अडते. या सोयीमुळेच मी गाफील राहिलो. तटापासून चार मीटर अंतर राखून आणि कॅमेरा भिंतीशी काटकोनात धरून मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलो, लागोपाठची छायाचित्रे ८० टक्के एकमेकांवर येतील याची काळजी घेतली आणि छायाचित्रांतून मॉडेल घडवणाऱ्या मेशरूम या संगणक-प्रणालीने त्यांतले एकही न नाकारता देखणे मॉडेल हाती दिले.

शंका आली ती फुगवट्याच्या गुळगुळीतपणामुळे. भिंत खरोखर फुगली असती, तर चिऱ्यांमधील दरजा कुठे तरी उघडल्या असत्या. येथे दरजा मिटलेल्या होत्या आणि वाक मात्र धनुष्यासारखा एकसारखा होता. म्हणून ओळखीच्या गवंड्याकडून लाइनदोरी मागून आणली, १५ मीटरच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर ती ताणून बांधली आणि मध्यावर पट्टी लावली. मॉडेल खरे असते, तर तेथे ६ सेंटिमीटर अंतर भरायला हवे होते. भरले १४! (जमिनीचे मोजमाप चालले आहे की काय, या संशयाने दोघे स्कूटर थांबवून बराच वेळ पाहत उभे होते, गोव्यात हातात दोरी आणि पट्टी घेऊन फिरणाऱ्याने एवढे गृहीत धरावे.)

सगळी छायाचित्रे समांतर आणि एकाच अंतरावरून घेतली, की भिंगाची वक्रता किती आणि भिंतीची किती, हे संगणकाला नीट वेगळे करता येत नाही. भिंगाच्या अंदाजातली बारीक चूक छायाचित्रामागून छायाचित्र साचत जाते आणि सपाट भिंत घुमटासारखी वाकते. त्यामुळे पुढच्या रविवारी त्याच तटाची डावीकडून आणि उजवीकडून सुमारे ३० अंशांच्या तिरक्या कोनातून छायाचित्रे घेतली, काही सहा-सात मीटर मागे सरून घेतली, फोकस कायम ठेवला आणि दोन्ही बुरुजांना वळसा घालून छायाचित्रांची साखळी पूर्ण केली. छायाचित्रांना स्वतःचे माप नसते, म्हणून खुणा केलेली दोन मीटरची लाकडी पट्टी या वेळी एकाऐवजी तीन ठिकाणी उभी केली. आता दोरीच्या आणि मॉडेलच्या मापांत दीड सेंटिमीटरचा फरक राहतो, आणि जांभ्याचा खडबडीतपणाही साधारण तेवढाच आहे.

त्यापेक्षा लहान हालचाल या मॉडेलवरून सांगण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र एका बुरुजाच्या दरजेत पिंपळाचे रोप रुजले आहे. त्या भागाची छायाचित्रे मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, गवत कापले गेल्यावर, याच पद्धतीने घेऊन दोन्ही मॉडेले क्लाउडकम्पेअर या तुलना करणाऱ्या संगणक-प्रणालीत एकमेकांवर बसवून पाहणार आहे. लाइनदोरी अजून परत केलेली नाही.