मु. पो. नबीअहिल्यानगर

दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांची यादी ज्याने कधी सांभाळली नाहीये त्याला 'नगर' या तीन अक्षरांची भीती काय असते ते कळणार नाही. मला कळते. आमची यादी एक्सेलमधे आहे, गणपती उठले की ती फाईल उघडायची, नूतनीकरण आलेले कोण, गेलेले कोण, पत्ता बदललेले कोण हे सगळं नीट करायचं आणि नवरात्र संपेपर्यंत लेबलं प्रिंटला पाठवायची असा दरवर्षीचा क्रम. त्यात मधेच जिल्ह्यांची नावं बदलली. २०२३ ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ ला अहमदनगरचं अहिल्यानगर. आमचे संपादक, ज्यांना ऑफिसात झाडून सगळे काकाच म्हणतात, ते चहाचा कप हातात घेऊन येऊन म्हणाले, "अगं ते रिप्लेस मारून टाक ना, दोन मिनिटांचं तर काम आहे."

दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत काका, तोच तर घोळ आहे.

म्हणजे बघा. कंट्रोल एच दाबलं की दोन खिडक्या येतात, वरच्या खिडकीत काय शोधायचं, खालच्या खिडकीत त्या जागी काय घालायचं, आणि रिप्लेस ऑल. आता वर 'अहमदनगर' टाकून खाली 'अहिल्यानगर' टाकलं तर काही बिघडत नाही. पण नगरचा माणूस स्वतःच्या गावाला अहमदनगर म्हणतो का कधी? तो 'नगर' म्हणतो आणि फॉर्मवर पण 'जि. नगर' असंच लिहितो. ते राहिले की तसेच. मग उत्साही माणूस वरच्या खिडकीत नुसतं 'नगर' टाकतो. एक्सेलला बिचाऱ्याला शब्द कुठे सुरू होतो कुठे संपतो याच्याशी काही देणंघेणं नसतं, न-ग-र ओळीने दिसले की बदल. उल्हासनगर होतं उल्हासअहिल्यानगर, शिवाजीनगर होतं शिवाजीअहिल्यानगर, जळगावकडचं मुक्ताईनगर होतं मुक्ताईअहिल्यानगर, आणि ज्यांनी अहिल्यानगर असं आधीच बरोबर लिहिलंय ते होतं अहिल्याअहिल्यानगर. औरंगाबादचा बदल तुम्ही आधीच करून ठेवला असेल तर तिकडे छत्रपती संभाजीअहिल्यानगर असा एक जिल्हा तयार होतो जो कुठल्याही सरकारने अजून जाहीर केलेला नाही.

आणि आडनावं! औरंगाबादकर हे आडनाव आहे, नगरकर तर किती आहेत. राजपत्रात जिल्ह्याचं नाव बदलतं, आडनावाचं नाही. पण रिप्लेस ऑलला हे कोण सांगणार, श्री. छत्रपती संभाजीनगरकर यांना लेबल तयार. त्यातून त्या डब्यात ऑप्शन्स उघडले तर 'शीट' की 'वर्कबुक' असं एक विचारलेलं असतं, ते वर्कबुकवर असेल तर शेजारची जाहिरातदारांची शीट पण त्यात येते. तिथे आमचे एक शेळीपालनवाले आहेत, दरवर्षी अर्धं पान देतात. मजकूर ठरलेला, 'जातिवंत उस्मानाबादी शेळ्या मिळतील'. रिप्लेसनंतर त्या 'जातिवंत धाराशिवी शेळ्या' होणार. जात तीच, दूध तेच, पण असं काही म्हटलेलं कोणी ऐकलंय का. बरं तो डबा आधीचे ऑप्शन्स लक्षात ठेवतो, एक्सेल बंद करेपर्यंत सोडत नाही. म्हणजे सकाळी कशासाठी तरी वर्कबुकवर ठेवलं असेल तर संध्याकाळी पण तेच, उघडून बघितलं तरच दिसणार.

माझा सगळ्यात आवडता पत्ता मात्र एका इंजिनिअरचा. हे मूळचे सोलापूरकडचे, बदली होऊन गेले वीजप्रकल्पावर, तिथूनही अंक चालू ठेवला. पत्ता: नबीनगर, जि. औरंगाबाद, बिहार. हो, बिहारमधे पण औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे आणि त्याचं नाव कोणी बदललेलं नाही. एकाच ओळीत दोन सापळे. काकांच्या दोन मिनिटांत त्या गृहस्थांचा पत्ता 'नबीअहिल्यानगर, जि. छत्रपती संभाजीनगर, बिहार' असा झाला असता आणि तरीही मला खात्री आहे अंक बहुतेक पोचला असता, कारण खाली पिनकोड होता.

पिनकोडबद्दल मला फार प्रेम आहे आणि त्यात थोडा आपला माणूस म्हणून पण आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला ही सहा आकड्यांची पद्धत सुरू झाली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या डोक्यातून, हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी. कारणच हे होतं की देशात एकाच नावाची गावं ढीगभर, वर प्रत्येकजण आपापल्या भाषेत आणि आपापल्या स्पेलिंगने पत्ता लिहिणार, टपाल छाटणाऱ्याने काय काय वाचायचं? पहिला आकडा विभागाचा, ४ म्हणजे महाराष्ट्र गोवा मध्यप्रदेश छत्तीसगड, ८ म्हणजे बिहार झारखंडकडे. आपलं औरंगाबाद ४३१००१ होतं, संभाजीनगर झाल्यावरही ४३१००१ च आहे. नाव काही का होईना, हा कॉलम शांत.

शांत म्हणजे त्याला कोणी हात लावला नाही तर. माझ्या आधी ही फाईल ज्यांच्याकडे होती त्यांना येणे-बाकीच्या कॉलममधली शून्यं डोळ्यात खुपायची. ज्याची बाकी नाही त्याच्यापुढे ०, ०, ०, पान नुसतं शून्यांनी भरलेलं. त्यांनी वरच्या खिडकीत ० टाकलं, खालची रिकामी ठेवली आणि ऑल. जिथे नुसतं ० होतं ते गेलंच, पण २५० रुपये बाकी असलेल्यांची बाकी २५ झाली, सदाशिव पेठेचं ४११०३० झालं ४११३ आणि दादरचं ४०००२८ झालं ४२८. तिथेच लक्षात आलं असतं तर एका कंट्रोल झेडमधे सगळं जागच्या जागी आलं असतं. पण ते फाईल सेव्ह करून, बंद करून, घरी गेले. नंतर जुन्या पावत्यांवरून ते पिन परत भरताना ऑफिसची अख्खी दुपार गेली म्हणतात, मी तेव्हा नव्हते. यावरचा उपाय इतका छोटा आहे की राग येतो, ऑप्शन्समधे 'मॅच एन्टायर सेल कन्टेन्ट्स' असा एक चौकोन असतो त्यात टिक केली की पूर्ण सेलमधे फक्त ० असेल तरच तो हात लावतो. किंवा आधी तो एकच कॉलम सिलेक्ट करायचा, मग तो त्याच्याबाहेर जात नाही. नुसता कुठेतरी एका सेलवर कर्सर ठेवून ऑल दाबलं तर अख्खी शीट त्याची.

आजीव वर्गणीदारांच्या नावापुढे कोणीतरी पूर्वी चांदणी (*) घालून ठेवलेली, ती काढायची होती, तीही अशीच एक गंमत. चांदणीचं चिन्ह वरच्या खिडकीत टाकलं की एक्सेल त्याचा अर्थ 'काहीही' असा घेतो. म्हणजे तुम्ही म्हणताय चांदणी काढ, तो ऐकतो जे असेल ते काढ, आणि भरलेले सगळे सेल रिकामे करून सगळं झालं म्हणून निरोप देतो. एस्केपच्या खाली ती नागमोडी रेघ असते ना, टिल्ड, ती आधी टाकायची आणि मग चांदणी. प्रश्नचिन्हाचं पण तसंच, त्याचा अर्थ 'कुठलंही एक अक्षर'.

हे झालं बदलायचं. पण मला विचाराल तर खरी मजा शोधण्यातच आहे. 'फाइंड ऑल' म्हटलं की खाली एक लांब यादी उघडते, कुठल्या शीटवर, कुठल्या सेलमधे, काय लिहिलंय, आणि ती वाचत बसणं म्हणजे तांदूळ निवडण्यासारखं आहे, हात चालू आणि डोकं मोकळं. एका संभाजीनगरचे किती प्रकार सापडावेत, 'छ. संभाजीनगर', 'छत्रपती संभाजी नगर', 'सं. नगर', नुसतं 'संभाजीनगर' (काही जण १९८८ पासून असंच लिहितायत, शिवसेनाप्रमुखांनी ते नाव सभेत घेतलं तेव्हापासून, त्यांच्या दृष्टीने सरकारच उशिरा आलं), आणि २०२५ च्या फॉर्मवर सुद्धा ठसठशीत 'औरंगाबाद'. माणूस कधी न बघता त्याच्याबद्दल बरंच काही कळतं.

आणि मराठीत शोधायचं म्हणजे वेगळीच तऱ्हा. आमचा जुना डेटा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधे होता, मग कोणीतरी कन्व्हर्टरने युनिकोडमधे, म्हणजे आता सगळीकडे चालतं त्या पद्धतीत, आणला, नवा डेटा मोबाईलवर टाईप होऊन येतो. त्यामुळे कऱ्हाड शोधायला गेलं की गाव तीन ठिकाणी विभागलेलं. एक साधं 'कराड', ते निदान डोळ्याला वेगळं दिसतं. एक 'कऱ्हाड' ज्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, आणि एक 'कर्‍हाड' ज्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर बसलाय. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे, छापल्यावर एकसारखे, पण एक टाईप करून शोधलं की दुसरं म्हणजे जणू अस्तित्वातच नाही. वकिलांची तीच कथा, 'ॲड.' मधला ॲ कोणाचा अख्खा एक अक्षर आहे, कोणाचा अ वर चंद्र चढवलेला. 'स्वतः' मधला विसर्ग निम्म्या महाराष्ट्राने कोलनने भागवलाय. आणि अख्खा पत्ता एकाच सेलमधे तीन ओळीत असेल तर त्या ओळी मोडायला वरच्या खिडकीत कंट्रोल जे दाबावं लागतं, दाबल्यावर खिडकी रिकामीच दिसते, नीट बघितलं तर खाली एक इवलासा ठिपका लुकलुकतो, तोच तुमचा एन्टर. हे मला पहिल्यांदा ज्याने दाखवलं त्याला मी मनोमन गुरू मानलंय.

स्पेसबद्दल तर बोलायलाच नको. 'सातारा' आणि 'सातारा' च्या पुढे एक स्पेस, माणसाला एकच, व्हीलुकअपला (एका यादीतलं नाव दुसऱ्या यादीत शोधणारं एक्सेलचं सूत्र) दोन वेगळे. जास्तीच्या स्पेस काढणारा ट्रिम लावला की जातात, पण वेबसाईटवरच्या फॉर्ममधून कॉपी होऊन आलेल्या काही स्पेस ट्रिमलाही जुमानत नाहीत कारण त्या मुळात स्पेसच नसतात, १६० नंबरचा वेगळाच कॅरेक्टर असतो, तो एका सेलमधून कॉपी करून वरच्या खिडकीत पेस्ट करून काढावा लागतो.

तर शेवटी मी काकांना सांगितलं की पत्त्याला मी हात लावणार नाही, वर्गणीदाराने लिहिलाय तो त्याचा, मी शेजारी जिल्ह्याचा नवा कॉलम करते आणि तो पिनवरून भरते. त्यातही काका लगेच म्हणाले, मग पहिले तीन आकडे बघ की झालं. नाही होत. ४१३ मधे सोलापूर आहे, धाराशिव आहे, लातूर आहे, पुणे जिल्ह्यातली बारामती आहे आणि नगरकडचं श्रीगोंदा पण आहे. ४२३ मधे मालेगाव, कोपरगाव आणि वैजापूर, तीन गावं तीन जिल्हे. पोस्टाने टपाल कसं जातं ते बघून आकडे पाडलेत, कलेक्टर कुठे बसतो ते बघून नाही. सहाच्या सहा आकडे घ्यावे लागतात. घेतले. आता जिल्ह्याचं नाव उद्या परत बदललं तर एका छोट्या तक्त्यात एकदाच बदलायचं, पत्त्यातल्या नगरकरांना धक्का नाही.

लेबलं प्रिंटला जायच्या आदल्या दिवशी त्या बिहारवाल्या इंजिनिअरांचा मेसेज आला, बदली झाली, घरी सोलापूरला परत, नवा पत्ता विजापूर रोड. मी तो भरत असताना काका मागून वाकून बघत होते.

"विजापूरचं पण काहीतरी बदललंय ना गं कर्नाटकात?"

बदललंय, २०१४ ला, विजयपुरा. "रोड सोलापुरात आहे काका," म्हटलं आणि फाईल सेव्ह केली.