घरचा बॅकअप: ‘ऱ्य’ने अडवलं होतं, शेवटी सापडलं

मंडळी, काल रात्रीच्या लॉगमध्ये रेस्टिकचा (बॅकअप घेणारा प्रोग्राम) एक्झिट कोड, म्हणजे काम संपल्यावर तो देतो तो निकालाचा आकडा, शून्य आलाय, म्हणजे सगळं नीट. शून्य! इतके आठवडे तिथे रोज सकाळी तीनच दिसायचा, म्हणजे स्नॅपशॉट (त्या वेळची प्रत) बनलाय पण काही फाइली वाचता आल्या नाहीत, म्हणजेच अर्धामुर्धा बॅकअप. आज सकाळी चहाच्या आधी लॉग उघडला आणि तो शून्य बघत बसले. या सगळ्याचं जे कारण निघालंय ते आपल्या मराठीवाल्या सगळ्यांना कधी ना कधी भेटणार, म्हणून सविस्तर लिहितेय.

मांडणी अशी. माझ्या पीसीवर कॅसेटी डिजिटाइझ होतात, दादाच्या जुन्या मॅकला लावलेल्या मोठ्या डिस्कवर मूळ संग्रह (ऑडिओ, ट्रेकचे फोटो, आजोबांची पत्रं स्कॅन केलेली), आणि माळ्याखाली डेबियनचा (लिनक्सचा) सर्व्हर. रात्री एकला पीसी आरसिंकने (फाइली जुळवून कॉपी करणारं टूल) सर्व्हरच्या मिररवर, म्हणजे संग्रहाच्या प्रतीवर, नवीन माल ढकलतो, डिलीट न लावता, म्हणजे तिथलं काही न पुसता. तीनला मॅक तोच मिरर आपल्याशी जुळवतो, हा डिलीट लावून, कारण मूळ प्रत त्याची. चारला रेस्टिक त्या मिररचा स्नॅपशॉट घेतो. आणि चारलाच रोज रडारड, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. रेस्टिक यादी करतो तेव्हा फाइल असते, वाचायला जातो तेव्हा नसते.

हार्डवेअर आधी सगळं तपासून झालं होतं. डिस्क बसवायची डॉक बदलली (स्वस्तातल्या डॉकमधली चिप कधी दगा देईल सांगता येत नाही, माझं मत आहे की डॉकवर पैसे वाचवू नयेत), केबल बदलली, डिस्कची स्मार्टची लांब टेस्ट, रात्रभर रॅमची मेमटेस्ट, सगळं स्वच्छ. पण एक गोष्ट खटकत होती, पीसीचा एकचा जॉब जेमतेम काही नवीन फाइली असताना तीन वाजून गेले तरी चालूच असायचा. आता वेव्ह फाइली किती अवजड असतात माहितीये ना, २४ बिट ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण ३५ एमबी, साठ मिनिटांची कॅसेट दोन जीबीच्या वर. तर हा जॉब रोज रात्री त्याच त्याच कॅसेटी पुन्हा वायफायवरून ढकलत होता, आणि तीन वाजता मॅकचा जॉब येऊन त्याच पुसत होता, आणि त्या पुसापुशीच्या मध्येच रेस्टिक पोचत होता.

पण त्याच का? शेकडो फोल्डर आहेत, त्यातले ठरावीकच का? मग लॉगमधून फक्त पुन्हा कॉपी झालेल्या फाइलींचे पाथ वेगळे काढले आणि एकाखाली एक लावले. ‘साताऱ्याच्या बारवा’. ‘पायऱ्या दुरुस्ती’. ‘किनाऱ्यावरून’. ‘आषाढी वाऱ्या’. ‘दऱ्याखोऱ्या’. नुसता ‘सातारा’ नावाचा फोल्डर मात्र गुपचूप, त्याला काही होत नाही! तेव्हा लख्ख दिसलं, प्रत्येक नावात ऱ्य आहे. ओरडलेच मी जवळजवळ, घरातले सगळे बघायला आले.

मिररवर एलएस करून फाइलींची यादी काढली तर ‘साताऱ्याच्या बारवा’ दोनदा. दिसायला तंतोतंत सारखे. हेक्सडंप (नावाचे कच्चे बाइट) काढला तेव्हा फरक कळला. पीसीकडून आलेल्या नावात ऱ हे एकच अक्षर आहे, युनिकोडमध्ये यू+०९३१, यूटीएफ-८ मध्ये (म्हणजे बाइटमध्ये लिहिताना) ई० ए४ बी१. मॅककडून आलेल्या नावात तेच अक्षर दोन तुकड्यांत आहे, साधा र (यू+०९३०) आणि त्याच्यामागे नुक्ता, म्हणजे खालचा टिंब (यू+०९३सी). युनिकोडच्या हिशेबाने हे दोन्ही एकच, पहिला एनएफसी म्हणजे जोडलेला, दुसरा एनएफडी म्हणजे तोडलेला. पण सर्व्हरच्या डिस्कवरच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमला युनिकोड बिनिकोड काही कळत नाही, त्याच्यासाठी नाव म्हणजे बाइट्सची ओळ, बाइट वेगळे की फाइल वेगळी, म्हणून पीसीने ढकललेलं नाव मॅकला परकं वाटून पुसलं जायचं.

मॅकवर हे का होतं? दादाची डिस्क एचएफएस प्लसमध्ये आहे. ती फाइल सिस्टिम १९९८ सालची, आणि तिचा नियमच असा की नाव तोडून ठेवायचं. ॲपलचीच नवीन एपीएफएस (२०१७ मध्ये हाय सिएराबरोबर मॅकवर आली) दिलेलं नाव तसंच ठेवते. विंडोजची एनटीएफएस पण तसंच ठेवते. आणि मराठीत नेहमी वापरतो त्यातलं असं तुटणारं अक्षर जवळपास हे एकच आहे. ळ तुटत नाही, ॲ तुटत नाही, ऑ तुटत नाही. हिंदीवाल्यांची क़ ज़ ड़ तुटतात, आपला ऱ तुटतो. म्हणून इतके दिवस नव्याण्णव टक्के फाइली नीट आणि मधूनच एखादा फोल्डर वेडा, असं चित्र होतं.

उपाय अनुभवी लोकांना माहीत असेल, आरसिंकचा आयकॉन्व्ह (नावांचं एन्कोडिंग बदलणारा) पर्याय. मॅकच्या बाजूला यूटीएफ-८-मॅक सांगायचं, सर्व्हरच्या बाजूला यूटीएफ-८, मग जाता जाता नाव जोडलं जातं. क्रम नेहमी आधी लोकल मग रिमोट, ढकलताय की ओढताय याने फरक पडत नाही. फक्त हा पर्याय आरसिंक ३ पासून आहे आणि मॅकमध्ये कित्येक वर्षं २.६.९ च येत होतं, तेव्हा होमब्रूवरून (मॅकवर अशी टूल्स बसवणारं) नवीन टाकावं लागतं. होमब्रू नसतं तर मी मॅकला हातच लावला नसता, इतकं ते कामाचं आहे. मिररवर आधीच पडलेली तुटकी नावं कॉन्व्हएमव्ही या नावं बदलणाऱ्या टूलने एनएफसी करून घेतली, म्हणजे पुन्हा सगळे जीबी कॉपी व्हायला नकोत. कॉन्व्हएमव्ही मला फार आवडतं. नोटेस्ट हा पर्याय दिल्याशिवाय ते फक्त काय करणार ते दाखवतं, हात लावत नाही. अशा जातीची टूल्स जास्त असायला हवीत.

त्या रात्री जॉब पंधरा मिनिटांच्या आत संपला. रेस्टिकचा कोड मात्र परत तीन.

आता फक्त मोजके फोल्डर उरले होते पण तेही अजून डबल, आणि दोन्ही नावं एनएफसी! परत हेक्सडंप. यावेळी एकात ऱ होताच, दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मध्ये ई२ ८० ८डी, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, डोळ्याला न दिसणारं अक्षर. त्यातली गंमत म्हणजे तुटका ऱ्या आणि जॉइनरवाला ऱ्या दोन्ही पंधरा बाइटचे (जोडलेला बाराचा), त्यामुळे नुसती लांबी बघून दोघं वेगळे ओळखू येत नाहीत. ही पद्धतही अधिकृत आहे बरं का, युनिकोडने जुन्या २.० आवृत्तीशी जुळावं म्हणून र-हलन्त-जॉइनरलाही तोच अर्धा र दाखवायची सोय ठेवलीय. इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप केलंत तर शिफ्ट जे ने सरळ ऱ येतो, पण बाकीचे कीबोर्ड आणि जुनी कन्व्हर्टर काय देतील ते त्यांच्यावर. दादा फोनवर नाव टाइप करतो, मी इनस्क्रिप्टवर, आणि एकाच बारवेचे दोन फोल्डर. इथे नॉर्मलायझेशन (सगळी नावं जोडून किंवा तोडून एकसारखी करणं) काही करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ही दोन नावं समान नाहीतच.

आणि याच्यापुढे जे सापडलं त्याने खरी झोप उडाली. नेहमीची, कॅपिटल-स्मॉल न ओळखणारी एचएफएस प्लस नावं ताडताना जॉइनर विचारातच घेत नाही. (२०१४ मध्ये गिट या कोड सांभाळणाऱ्या टूलमध्ये मोठं सुरक्षा भगदाड निघालं होतं ते याच वागण्यावरून, त्याच्या डॉटगिट फोल्डरच्या नावामध्ये न दिसणारं अक्षर घुसवायचे.) म्हणजे जॉइनरने लिहिलेल्या ‘दऱ्या’ मधून जॉइनर वगळला तर उरतं काय, ‘दर्या’! सह्याद्रीतल्या दऱ्यांचे फोटो आणि कोकणातल्या दर्याचे फोटो, माझ्याकडे दोन्ही नावांचे फोल्डर आहेत. छोटी डिस्क इमेज बनवून तपासलं, आधी दर्या बनवला, मग जॉइनरवाला दऱ्या बनवायला गेले तर म्हणे आधीच आहे. म्हणजे उद्या सर्व्हरवरून मॅकच्या डिस्कवर रिस्टोअर करायची वेळ आली असती तर दोन्ही फोल्डर एकात मिसळले असते, सारख्या नावाच्या फाइली एकमेकींवर लिहिल्या गेल्या असत्या, आणि एरर एकही नाही. एरर येणं परवडलं, हे नाही.

म्हणून पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. आधी नाव एनएफसी, मग र-हलन्त-जॉइनर दिसलं की त्याचं ऱ-हलन्त. बाकीच्या जॉइनरना हात लावत नाही, कारण अर्धा क मुद्दाम वेगळा दाखवायला वगैरे लोक तो वापरतात. आतल्या फाइलींपासून सुरुवात करून वरच्या फोल्डरकडे यायचं, नाहीतर पाथच बदलतात. बदललेलं नाव आधीच अस्तित्वात असेल तर दोघांचे एसएचए-२५६ (मजकुरावरून काढलेला ठसा) ताडायचे, जुळले तर एक ठेवायचा, नाही जुळले तर यादीत टाकून माणसाला विचारायचं. यादीत फार थोड्या आल्या, त्यातल्या एकीत आजोबांच्या पत्राचा एक स्कॅन होता ज्याची दुसरी पानं दुसऱ्याच ‘कोऱ्या पाकिटातली’ मध्ये पडली होती. ती सगळी पानं आता एकत्र आहेत, याचा आनंद एक्झिट कोडपेक्षा जास्त झाला.

पुढचा बेत खरं तर हा होता की ही स्क्रिप्ट रोज मिररवर चालवायची. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की मिररच कशाला हवा? पीसी आणि मॅक दोघांनीही सरळ सर्व्हरवरच्या रेस्टिक रिपॉझिटरीत (बॅकअपच्या कोठारात) आपापला स्नॅपशॉट टाकावा. रेस्टिक डुप्लिकेट ओळखतो ते मजकुरावरून, नावावरून नाही, त्यामुळे एकच कॅसेट दोन वेगवेगळ्या ऱ्य ने आली तरी डिस्कवर जागा एकदाच जाणार. पुसापुशीचा खेळच बंद. फक्त फरगेट (जुने स्नॅपशॉट काढणारी कमांड) लावताना लक्ष ठेवायचं, ते डिफॉल्टने होस्ट आणि पाथ बघून गट पाडतं, फोल्डरचा पाथ बदलला की जुना गट तसाच मागे राहतो आणि त्याचे स्नॅपशॉट साचत जातात, म्हणून मी गट फक्त होस्टवर पाडणार आहे. नाही, थांबा, पीसीवर मी दोन वेगवेगळे सेट घेते, तिथे होस्टवर गट पाडला तर एक सेट दुसऱ्याचे स्नॅपशॉट खाईल. टॅग लावून टॅगवर गट पाडते. हे आजच बदलते.

नावाच्या लांबीचाही एक प्रश्न रिस्टोअरच्या चाचणीत वर आला. ईएक्सटी४ वर नाव २५५ बाइटपर्यंत, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे ८५ चिन्हं. त्यात काना मात्रा हलन्त सगळे वेगळे मोजले जातात, एकटा क्ष नऊ बाइट. एनटीएफएस मात्र २५५ यूटीएफ-१६ एकक मोजते, तिला देवनागरीचा जाच नाही. त्यामुळे पीसीवरच्या ‘अमुक बुवांचं कीर्तन, अमुक देऊळ, पूर्वरंग, बाजू अ’ छापाच्या लांबलचक नावांचा बॅकअप रेस्टिकमध्ये व्यवस्थित जातो, कारण तिथे नाव मेटाडेटात असतं, आणि सर्व्हरवर रिस्टोअर करताना ‘फाइल नेम टू लाँग’. घराबाहेरच्या प्रतीसाठी आरक्लोन या क्लाउडवर कॉपी करणाऱ्या टूलचं क्रिप्ट (फाइलींची नावंही एनक्रिप्ट करणारं) घ्यायचं मनात होतं, पण नेहमीच्या बेस३२ मध्ये एनक्रिप्ट झालेलं नाव २५५ मध्ये बसवायचं तर मूळ नाव १४३ बाइटच्या आत हवं, म्हणजे फक्त ४७ चिन्हं! बेस६४ ने ५८ पर्यंत जातं, पण रिमोटला कॅपिटल-स्मॉल कळायला हवं. म्हणून बाहेरची प्रतही रेस्टिकचीच रिपॉझिटरी उचलून नेणार, तिच्यात फाइलींची नावं हेक्सची असतात, लांबीचा प्रश्न येत नाही.

दादाची डिस्क एपीएफएस करायची का यावर मात्र अजून ठरत नाहीये. फिरत्या डिस्कवर एपीएफएस फोल्डर उघडायला रखडते, आणि एसएसडी त्या आकाराची घ्यायची तर खिसा मोकळा होईल. तोवर डिस्कवर जॉइनरवालं एकही नाव उरू द्यायचं नाही, स्क्रिप्ट तिथे रोज फक्त तपासणी करेल आणि सापडलं तर मेल पाठवेल. कोणी मोठ्या फिरत्या डिस्कवर एपीएफएस वर्षभर वापरली असेल तर सांगा, विशेषतः हजारो स्कॅन एकाच फोल्डरात असताना ती कशी वागते ते. स्क्रिप्ट हवी असेल त्यांनी मागा, पण आधी ड्राय रन (काही न बदलता नुसती चाचणी) करा आणि ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ असे दोन फोल्डर बनवून तुमच्या डिस्कवर तपासून घ्या, दुसरं नाव जॉइनर घालून टाइप करा.