रोखलेले बोट कापताना

महायुद्धांच्या काळातील प्रचारपत्रकांपासून कोलाज करायचे ठरवले, तेव्हा मूळ पत्रकाला कात्री लावायची नाही, हा नियम मी आधीच घालून घेतला. ही भित्तिपत्रके बहुधा लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली असत. त्यातील आम्लामुळे कागद पिवळा पडून कडांनी तुटू लागतो, आणि म्हणूनच उरलेली प्रत्येक प्रत जपण्याजोगी आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पहिल्या महायुद्धातील पत्रकांच्या मोठ्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्यांतील काही उतरवून घेऊन मी येथे वडोदऱ्यात दांडिया बाजारात त्यांच्या लेझर प्रती काढून घेतल्या. इंकजेटची शाई खळीच्या ओलाव्याने पसरते, त्यामुळे प्रती लेझरच्याच घ्याव्यात.

चित्राच्या मध्यभागी मला आल्फ्रेड लीट यांनी 1914 साली काढलेले, बोट रोखून सैन्यभरतीचे आवाहन करणारे ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर हवे होते. हेच किचनर 1902 ते 1909 या काळात हिंदुस्थानच्या सैन्याचे सरसेनापती होते, हे आपल्याकडे फारसे कोणी आठवत नाही. पुढे 1917 च्या अमेरिकन भरतीपत्रकावर जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांनी तीच मांडणी घेऊन, स्वतःचाच चेहरा वापरून, अमेरिकेचे प्रतीक असलेला अंकल सॅम दाखवला. मी दोन्ही पत्रकांतले बोट रोखलेले हात मनगटापासून कापून घेतले आणि पुठ्ठ्यावर नुसते ठेवून पाहिले. हात आडवा केला, उलटा केला, तरी बोट आपल्यावरच रोखलेले राहते, कारण पेर पुढे मोठे आणि मागचा पंजा लहान अशीच त्याची रचना आहे. चेहरा नाही, मजकूर नाही, तरी हुकूम तसाच. अखेरीस बोट सांध्यावर कापून पेर अर्धा इंच बाजूला सरकवले, तेव्हाच त्याची पकड सुटली.

त्या फटीत काय ठेवायचे, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न होता. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना हॉख आणि जॉन हार्टफिल्ड या जर्मन कलावंतांनी छापील छायाचित्रे कापून सत्तेला उत्तर दिले. हार्टफिल्ड यांनी तर इंग्रजद्वेषाचा निषेध म्हणून युद्ध चालू असतानाच आपले जर्मन नाव बदलून इंग्रजी धाटणीचे घेतले होते. मलाही उत्तर आपल्या घरातूनच द्यायचे होते. आमच्याकडे 1943 सालची जमाखर्चाची वही आहे. तिच्यातील साखर, रॉकेल आणि तांदूळ यांच्या ओळींची प्रत काढून त्या पट्ट्या मी फटीत बसवल्या. त्यांच्या वरच्या अंगाला स्पिटफायर विमान आले, कारण बडोदे संस्थानाच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाईदलाच्या 124 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला ‘बरोडा’ हे नाव मिळाले होते. दुसऱ्या महायुद्धात 25 लाखांच्या आसपास हिंदी सैनिक लढले आणि 1943 मध्येच बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. पत्रकातले बोट मागत राहते, पण दिलेल्याचा हिशेब कोठेही मांडत नाही. तो मांडावा, एवढ्यासाठीच मी हे चित्र केले.

चिकटवण्यासाठी मी मैद्याची खळच वापरली. फेविकॉल लवकर धरतो, खळ मात्र तुकडा सरकवायला सवड देते. मैदा थंड पाण्यात गाठी मोडून कालवावा, मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळावा आणि पुस्तकबांधणी करणारे घालतात तसे चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालावे, म्हणजे पावसाळ्यात बुरशी धरत नाही. मोरचूद विषारी असल्याने भांडे मात्र स्वयंपाकघरातले नको. ओला कागद फुगतो, म्हणून खळ लावल्यावर तो थोडा वेळ तसाच राहू द्यावा आणि मगच मध्यापासून कडांकडे दाबत बसवावा. पुठ्ठ्याच्या मागेही त्याच मापाचा कोरा कागद चिकटवावा लागतो, नाहीतर वाळताना पुठ्ठा कमानीसारखा वाकतो.

त्या मागच्या कागदावर मी प्रत्येक तुकड्याचे मूळ पत्रक, चित्रकार आणि साल शाईने लिहून ठेवले आहे, कारण पाहणाऱ्याला अखंड पत्रकही शोधून पाहता आले पाहिजे.