तुम्ही विचारलेत म्हणून : जुन्या हमामात पाणी सोडावे का?

इस्तंबूलच्या जुन्या हमामांविषयी, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहांविषयी, बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास येतो : चार-साडेचारशे वर्षांच्या इमारतींत अजूनही लोकांना आंघोळी करू देणे म्हणजे वारशाची नासाडी नव्हे का, त्यांचे संग्रहालय करून त्या कोरड्या ठेवणे बरे नाही का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या बांधणीतच आहे.

ऑटोमन सुलतानांचा वास्तुविशारद मिमार सिनान याचा 1584 सालचा चेंबेरलिताश हमाम घ्या. पाहुण्याला दिसतो तो घुमट, त्यातल्या गोल काचांतून उतरणारा उजेड आणि मधोमध घाम येईस्तोवर पडून राहण्याचा संगमरवरी चौथरा. अशा हमामांची न दिसणारी रचना याहून हुशार असे. गरम दालनाला लागून क्युलहान, म्हणजे भट्टी. तिच्या जाळावर पाणी तापे, आणि धूर व गरम हवा फरशीखालच्या, आखूड खांबांवर तोललेल्या पोकळीत शिरून, भिंतींत पुरलेल्या उभ्या नळ्यांवाटे वर चढत बाहेर पडे. म्हणजे पाणी, फरशी आणि भिंती ही तिन्ही एकाच लाकडावर तापत. पाण्यात बुडून बसण्याची सोय मात्र नव्हती, कारण वाहत्या पाण्याने शुद्ध होण्याचा दंडक होता. कुर्ना नावाच्या दगडी कुंडातून वाडग्याने पाणी अंगावर घ्यायचे. घंगाळ आणि तांब्या पाहिलेल्यांना हे निराळे सांगायला नको.

हे पाणी शहराबाहेरच्या रानातून येई. सिनाननेच 1560च्या दशकात उभी केलेली किर्कचेश्मे योजना दऱ्यांवर कमानींचे पूल टाकून, केवळ उताराच्या बळावर ते शहरात आणत असे, आणि तेथे ते ठरावीक मापाच्या तोट्यांतून वाटले जाई. हमामांची पाण्याची आणि लाकडाची भूक इतकी वाढली की 1768मध्ये सुलतान मुस्तफा तिसरा याने राजधानीत नवे हमाम बांधण्यास बंदी केली.

आता तुमच्या शंकेकडे येतो. या भिंतींचा गिलावा चुन्यात विटांची पूड मिसळून केलेला असतो. तो ओल सोसतो आणि सुकताना ती बाहेरही टाकतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि चिरे भुगा होऊन झडतात. आग विझली, घुमटाच्या फुटक्या काचांतून पाऊस आत आला, फटींत झाडे रुजली, तरी गत तीच होते. म्हणून मला आंघोळीपेक्षा कुलपाची आणि सिमेंटच्या पोत्याची धास्ती अधिक वाटते. आया सोफिया या प्राचीन वास्तूजवळचा, सुलतान सुलेमानची बेगम हुर्रेम सुलतान हिचा सोळाव्या शतकातला हमाम कित्येक वर्षे गालिच्यांचे दुकान होता. 2011 साली डागडुजीनंतर तेथे पुन्हा पाणी वाहू लागले, तेव्हा कुठे कुर्ना तेथे कशासाठी आहेत हे पाहणाऱ्याला कळू लागले. शहराच्या झेयरेक भागातल्या चिनिली हमामाने संग्रहालय आणि चालू हमाम असे दोन्ही एकत्र ठेवले आहे, आणि तोडगा म्हणून मला तो पटतो.

खटकते ते दर. हमामाचे उत्पन्न धर्मादायाला जावे ही जुनी रीतच होती. 1741चा जाआलोलू हमाम आया सोफियाच्या ग्रंथालयाच्या खर्चासाठीच बांधला होता. पण तेव्हा ते पैसे गल्लीतली माणसे मोजत. आज दुरुस्त झालेल्या नामांकित हमामांचे शुल्क पर्यटकाच्या खिशाकडे पाहून ठरते, आणि शेजारच्या घरातली आजी तेथे फिरकत नाही.