ड्रेन क्लीनरमधले सल्फ्युरिक आम्ल

घरी रसायनशास्त्राचे प्रयोग करणाऱ्या अमेरिकन हौशी मंडळींमध्ये एक युक्ती बरीच जुनी आहे: सल्फ्युरिक आम्ल हवे असेल, तर रसायनविक्रेत्याच्या मागे न लागता हार्डवेअरच्या दुकानातून तुंबलेले पाइप मोकळे करणारा द्रव आणायचा. तिथे प्लंबरसाठी विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत खरोखरच ९३ टक्क्यांच्या आसपास तीव्रतेचे सल्फ्युरिक आम्ल असते. ९३ हा आकडा योगायोगाने आलेला नाही. शंभर टक्के आम्ल १०.४ अंश सेल्सिअसलाच गोठते, तर ९३ टक्क्यांचे आम्ल उणे वीसच्याही खाली द्रव राहते. थंड प्रदेशात टँकरमधून नेण्यासाठी म्हणूनच ते सोयीचे ठरते.

पाइपमध्ये अडकलेले केस, कागद आणि चिंध्या यांवर हे आम्ल दोन्ही बाजूंनी हल्ला करते. वर्गात साखरेवर आम्ल ओतून कोळसा करून दाखवतात, त्याच पद्धतीने ते कागदातल्या सेल्युलोजमधून हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्या रूपात हिसकावून घेते, आणि साचलेल्या पाण्यात मिसळताना इतकी उष्णता सोडते की तेच पाणी उकळून वर उसळू शकते. प्रयोगशाळेत आम्ल पाण्यात, थोडे थोडे, ढवळत ओतावे असे आपण घोकून घेतो. मोरीत मात्र यातले काहीच आपल्या हातात नसते.

तीव्रता पाहून हुरळणारे लोक शुद्धतेकडे दुर्लक्ष करतात, असे माझे मत आहे. ही बाटली पाइपसाठी तयार केलेली असते. त्यात रंग असतो, धातूचे पाइप लवकर खाल्ले जाऊ नयेत म्हणून गंजरोधक द्रव्ये मिसळलेली असतात, आणि कित्येकदा द्रव तपकिरी दिसतो. ॲल्युमिनियमच्या ॲनोडायझिंगला, म्हणजे विजेच्या साहाय्याने त्याच्यावर ऑक्साइडचा संरक्षक थर चढवण्याला, साधारण १५ ते २० टक्के आम्लाचे द्रावण लागते, तेव्हा हौशी माणसाला ही बाटली स्वस्त आणि पुरेशी वाटते. परंतु धातूच्या पृष्ठभागाला चिकटून आम्लाला अडवणे हेच ज्या द्रव्याचे काम, ते नेमके त्याच पृष्ठभागावर चाललेल्या प्रक्रियेत लुडबुड करणार नाही याची खात्री कोण देणार? अनुमापनासाठी, म्हणजे ज्ञात तीव्रतेच्या द्रावणाने दुसऱ्या द्रावणाची तीव्रता मोजण्यासाठी, तर बाटलीवरचा आकडा निरुपयोगीच आहे. शुद्ध आम्लसुद्धा हवेतली आर्द्रता शोषत राहते, त्यामुळे त्याचे द्रावण सोडियम कार्बोनेटसारख्या प्रमाण पदार्थाशी ताडून पाहावेच लागते. राहिला घरी ऊर्ध्वपातन करून शुद्ध करण्याचा सल्ला. तो मी निव्वळ वेडेपणा समजतो, कारण हे आम्ल उकळायला ३०० अंशांहून अधिक तापमान लागते आणि त्या तापमानाला काचेचे भांडे तडकले तर सावरायला वेळच मिळत नाही.

आपल्याकडे दुकानातून आम्ल आणण्याची ही युक्ती आणखी एका कारणाने फसते. भारतीय दुकानांत मोरीसाठी मिळणाऱ्या पुड्यांत बहुधा कॉस्टिक सोडा, म्हणजे आम्लाच्या नेमका उलट्या स्वभावाचा अल्कली असतो, आणि शौचालय स्वच्छ करणाऱ्या प्रचलित द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल. मोरीत आधी पुडी टाकून मग वर आम्ल ओतणाऱ्याच्या अंगावर तो उकळता द्रव उडतो. ब्लीचशी आम्ल मिसळले, तर क्लोरीन वायू सुटतो.

कायद्यांचाही विचार करावा लागतो. युरोपीय संघात १ फेब्रुवारी २०२१ पासून १५ टक्क्यांहून तीव्र सल्फ्युरिक आम्ल सामान्य ग्राहकाला सहज मिळत नाही. भारतात ॲसिडहल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने अशा हल्ल्यातून बचावलेल्या लक्ष्मी यांच्या खटल्यात १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार विक्रेत्याने खरेदीदाराची नोंद ठेवणे, ओळखपत्र पाहणे, खरेदीचे कारण विचारणे आणि अठरा वर्षांखालील कोणालाही ॲसिड न देणे बंधनकारक आहे. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनाही वापराची नोंदवही ठेवावी लागते, ही गोष्ट कित्येक शिक्षकांच्या गावीही नसते.

विरल आम्लावर भागत असेल, तर बॅटरीचे ॲसिड मला कधीही अधिक पसंत आहे. त्याची घनता साधारण १.२८ आणि तीव्रता ३७ टक्क्यांच्या आसपास असते. लोह आणि क्लोराइड बॅटरीच्या प्लेटांना मारक असल्यामुळे उत्पादकाला ते स्वतःच्या गरजेपोटीच स्वच्छ ठेवावे लागते, आणि सल्फ्युरिक आम्लासाठीच्या आयएस २६६ या भारतीय मानकात बॅटरीची प्रत स्वतंत्रपणे दिलेली आहे.