थर्माकोल, सोनेरी कागद आणि चंद्र

आजचा अख्खा रविवार भाचीच्या प्रोजेक्टमध्ये गेला. विषय चांद्रयान. थर्माकोलला मिठाईच्या खोक्यातला सोनेरी कागद गुंडाळला, काड्यांचे चार पाय फेविकॉलने चिकटवले (एक अजून डुगडुगतोय), आणि बाईसाहेबांनी विचारलं, "मामा, यावर इस्रो लिहू की कंपनीचं नाव?"

हसलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. आमच्या शाळेत असताना असलं काही सुचलंच नसतं.

बंगळुरूची टीमइंडस ही खासगी कंपनी आठवली. खासगी यान चंद्रावर उतरवायच्या गूगल लूनार एक्सप्राइझ स्पर्धेचं पहिलं बक्षीस 2 कोटी डॉलरचं. 2015 मध्ये या मंडळींनी मधल्या टप्प्याचे 10 लाख डॉलर जिंकलेसुद्धा. पण पैसा उभा करताना दमछाक झाली, इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा करार बारगळला, आणि 2018 मध्ये स्पर्धाच कोणी न जिंकता संपली.

मार्च 2025 मध्ये अमेरिकेतल्या फायरफ्लाय कंपनीचं ब्लू घोस्ट यान मात्र चंद्रावर नीट उतरलं. म्हणायला खासगी, पण नासाची 10 उपकरणं नेण्याचं भाडं सुमारे 10 कोटी डॉलर! सरकारच गिऱ्हाईक.

आपल्याकडे 2023 च्या अंतराळ धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं, परवानग्यांसाठी इन-स्पेस ही सरकारी संस्थाही आहे. पण दार उघडणं वेगळं आणि चंद्रावर सामान न्यायची पहिली ऑर्डर देणं वेगळं. घोडं तिथेच अडलंय, असं आपलं माझं मत.

बाईसाहेबांनी शेवटी एका बाजूला इस्रो लिहिलं, दुसऱ्या बाजूला स्वतःचं नाव. उद्या रिक्षात तो डुगडुगता पाय मोडला नाही म्हणजे मिळवलं.