मी पोचतच होते

मुलांनी लिहिलेल्या कवितांचा एक अंक आम्ही काढतो. यंदाचा विषय होता शाळा आणि मैत्री. निवडीच्या दिवशी दोन कविता हाताला लागल्या आणि त्या काही केल्या डोक्यातून जात नाहीत. अंकाची पानं अजून लागायची आहेत. तोवर हे लिहून काढते.

बाहेरच्यांना वाटतं, चांगल्या कविता वेगळ्या काढायच्या की झालं. आमचा खरा वेळ जातो तो कविता कुणी लिहिली हे ओळखण्यात. आई, बाबा, ताई, शिक्षक यांच्या हातून फिरून आलेली कविता चटकन कळते. तिच्यात शाळा म्हणजे ज्ञानमंदिर असतं, क्षण सोनेरी असतात, मित्राला चित्र भेटतं आणि मैत्रीला खात्री. शेवटच्या कडव्यात हमखास एक शपथ असते की आम्ही कधीच भांडणार नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल असली शपथ घेत नाही. ते लिहितं की तिचा खोडरबर माझ्याकडे राहिलाय आणि आता तो परत कसा द्यायचा. असा एखादा तपशील दिसला की मी ते पान बाजूला काढून ठेवते. कविता पुढे कितीही लंगडली तरी चालेल, हे पान त्या मुलाचं स्वतःचं असतं.

मोठ्यांच्या या हातभाराची मला मनापासून चीड येते. पालकांना वाटतं आपण मदत करतोय. शिक्षकांना वाटतं वर्गाची लाज राखतोय. एका वर्गातून आलेल्या गठ्ठ्यात सगळ्या कविता एकाच ओळीने सुरू होत होत्या. ती ओळ फळ्यावर लिहून दिली असणार, हे सांगायला कुणी जाणकार नको. मुलांनी पुढे जे लिहिलं असतं ते त्या एका ओळीने खाऊन टाकलं.

तर त्या दिवशी एका वर्गाचा गठ्ठा सोडला. त्यातली एक कविता सुबक होती. ओळी सरळ, अक्षर गोल, समास सोडलेला. शीर्षक मात्र विचित्र होतं: 'विद्यार्थ्यांनी'. मला वाटलं, कुठल्या तरी सूचनेची सुरुवात चुकून वर राहिली. खाली कविता अशी:

हळू सांगितला शब्द
तिने कट्टीच घेतली
माझ्या बाकावर आता
जागा खूप मोठी झाली

माझं काय चुकलं गं
एकदा तरी तू सांग
तुझ्याविना पाण्यासाठी
लांब वाटते ती रांग

ही अष्टाक्षरी आहे आणि एकही ओळ घसरलेली नाही. बोटांवर मोजून पाहा, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, त्यामुळे 'शब्द' ही दोनच अक्षरं होतात. मुलांना ही रचना लवकर जमते, कारण इथे फक्त अक्षरं मोजायची असतात. मात्रावृत्तात वजन मोजावं लागतं. तिथे तोच 'शब्द' तीन मात्रांचा होतो, कारण जोडाक्षराच्या आधीचा श जड पडतो आणि दोन मात्रा घेतो. हे मुलांना समजावून सांगून कळत नाही, टाळ्या वाजवत म्हणून घेतलं की कळतं. या मुलीला मोजणं कुणीतरी नीट शिकवलं होतं. पण बाकावर जागा मोठी होते हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती ओळ तिची होती.

कविता निवडलेल्या ढिगात ठेवली आणि पुढे गेले. चार-पाच पानांनंतर दुसरी कविता आली. वहीचं पान फाडून लिहिलेली, खाडाखोड भरपूर, वेलांट्या उलटसुलट. शीर्षक नाही. लेखन सुधारून इथे देते, शब्द तिचेच आहेत:

विद्या पर्यंत मी वाचलं
पुढे तो र वर चढून बसला होता
मी त्याला खाली आणत होते
तेवढ्यात तू शब्द सांगितलास
सगळे हसले
सगळ्यांना वाटलं मला येत नाही
मी पोचतच होते

मी वाचून पुढचं पान उलटलं आणि हात थांबला. ढिगातली ती सुबक कविता पुन्हा काढली. दोन्ही पानं शेजारी ठेवली. शाळा तीच, इयत्ता तीच, तुकडी तीच. पहिलीचं शीर्षक आणि दुसरीची पहिली ओळ जोडली की एक तास उभा राहतो: प्रकट वाचन चालू आहे, एक मुलगी उभी राहून धडा वाचते आहे, ती एका शब्दाशी अडते आणि शेजारची तिला हळूच शब्द सांगते. दोघींनी तेच एक मिनिट लिहिलं होतं, एकमेकींना न दाखवता.

तो शब्द किती अवघड आहे हे आपण विसरून गेलेलो असतो. 'विद्यार्थ्यांनी' आपण वाचत नाही, त्याचा आकार ओळखतो. अडखळत वाचणाऱ्या मुलाला तो तुकड्या-तुकड्यांनी सोडवावा लागतो. सुरुवातीलाच ऱ्हस्व वेलांटी आहे. ती लिहिताना व च्या आधी येते, बोलताना नंतर. मग द्य हे जोडाक्षर. आणि त्यानंतर खरी चढण: अर्धा थ, त्याला य, काना, अनुस्वार आणि या सगळ्याच्या डोक्यावर रफार. रफार डोळ्यांना सगळ्यात शेवटी दिसतो आणि तोंडाने मात्र थ च्या आधी म्हणावा लागतो. म्हणजे नजर पुढे जाऊन पुन्हा मागे आणायची. त्या मुलीने हे सगळं एका ओळीत सांगितलं: र वर चढून बसला होता आणि मी त्याला खाली आणत होते. वाचन शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललेलं असतं याचं इतकं नेमकं वर्णन मी मोठ्यांच्या लिखाणात पाहिलेलं नाही. आणि हा शब्द पाठ्यपुस्तकात, सूचनाफलकावर, प्रश्नपत्रिकेवर, जिथे तिथे तिच्या वाटेत उभा असतो.

टेबलावर लगेच मतं पडली. एक सहकारी म्हणाले, "दुसरी कविताच नाही. गद्य तोडून ओळी केल्यात. जरा मात्रांत बसवून घ्या." दुसऱ्या सहकारी बाईंनी पेन उचललंच होतं. त्यांना शेवटी दोन ओळी हव्या होत्या, दोघींची बट्टी झाल्याच्या. "लहान मुलं वाचणार, असं अर्धवट कसं सोडायचं?" तिसऱ्याने निदानच करून टाकलं, मुलीला डिस्लेक्सिया असणार. सात ओळींवरून असलं निदान करणं मला पटत नाही. हळू वाचण्याची कारणं अनेक असतात, ती तपासणाऱ्या माणसाने तपासावीत. कवितेच्या कागदावर आपण शिक्के मारू नयेत.

मी त्यांना एवढंच म्हटलं की ही मुलगी ज्याची तक्रार करते आहे तेच आपण आत्ता करायला निघालोय. ती तिच्या शब्दाकडे तिच्या चालीने जात होती आणि कुणीतरी आधीच तो उच्चारला. आता तिच्या ओळीही आपणच पुऱ्या करणार? मात्रांत बसवलेली 'मी पोचतच होते' ही ओळ कुणाची राहील? माझ्या सहकाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांचा कान उत्तम आहे. पण कान उत्तम असलेल्या माणसाला गप्प बसणं सगळ्यात जड जातं, हे मी या कामात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं, बाकी एका अक्षराला हात लावायचा नाही असं ठरलं. 'पोचतच'चं 'पोहोचतच' करण्यावरून पुन्हा थोडं झालं. मी 'पोचतच' ठेवलं. ती जे बोलते ते.

यानंतरचा प्रश्न मला एकटीला पडला होता असं दिसतं. दोन्ही कविता घ्यायच्या यावर एकमत झालं आणि मग सगळ्यांनाच त्या समोरासमोरच्या पानांवर हव्या होत्या. डावीकडे एक, उजवीकडे एक. वाचकाला काय गंमत येईल! मलाही दिसत होतं की पानं देखणी होतील. पण आम्ही मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी छापतो. अंक त्याच वर्गात जाणार. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात ही कुणाची गोष्ट आहे हे कळायला काय वेळ लागणार? जी मुलगी अडखळली म्हणून वर्ग हसला, तिचं अडखळणं आम्ही आता छापून त्याच वर्गाच्या हातात देणार होतो.

वर्गशिक्षिकांना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, मुलींची भांडणं ती, सकाळी कट्टी, संध्याकाळी बट्टी. त्या आता बोलतात की." मग म्हणाल्या, "पहिली घ्या, हुशार मुलगी आहे. दुसरीची राहू दे, तिचं लेखन फार कच्चं आहे." मी विचारलं की त्या तासाला नक्की काय झालं होतं. त्यांना आठवत नव्हतं. रोजच कुणीतरी अडतं, कुणीतरी सांगतं. ते खरंही असेल. एका बाईंनी एवढ्या मुलांचं वाचन एका तासात घ्यायचं म्हटल्यावर प्रत्येकाला शब्दापर्यंत पोचू द्यायला वेळ कुठून आणणार? पण कच्चं लेखन म्हणून ती कविता मागे ठेवणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा खाली बसवणं होतं, आणि हे मी त्यांना सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बरं, घ्या."

कविता छापण्याआधी आम्ही पालकांची लेखी परवानगी घेतो. दुसऱ्या मुलीच्या आईशी बोलले. नाव न छापता कविता छापू शकतो, असं मीच सुचवलं. आई म्हणाल्या, "तिलाच विचारा ना," आणि फोन तिच्याकडे दिला.

मी म्हटलं, "तुझी कविता आम्ही घेतोय. तुझं नाव छापलं नाही तर चालेल का? म्हणजे कुणी चिडवणार नाही."

तिने विचार करायला जरा वेळ घेतला. मी मुद्दाम काही बोलले नाही.

"नाव छापा," ती म्हणाली. "तुकडीपण छापा. नाहीतर तिला कसं कळणार माझी आहे ते?"

मी तिला जपायला निघाले होते, तिला मात्र ती कविता एका ठिकाणी पोचवायची होती. वर्ग हसला हे तिने लिहिलं खरं, पण कविता वर्गासाठी नाही, 'तू शब्द सांगितलास' असं जिला म्हटलंय तिच्यासाठी आहे. मुलांच्या कवितांत 'तू' असतो तेव्हा तो बहुतेक वेळा खराखुरा एक माणूस असतो. मोठे कवी 'तू' म्हणतात तेव्हा त्यात कुणीही मावतं. मी विचारलं, "तुम्ही आता बोलता का?" "बोलतो," ती म्हणाली. "पण त्यावर नाही."

तिच्या मैत्रिणीने काय लिहिलंय हे मला माहीत होतं. ते तिला सांगावंसं वाटत होतं, पण ती कविता माझी नव्हती. मी सांगितलं नाही.

मग त्या मैत्रिणीच्या घरी फोन लावला. वडिलांनी उचलला. कविता निवडली म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला. "छापा, छापा, फोटोपण पाठवू का?" मी म्हटलं, जरा तिच्याशी बोलू दे. ते म्हणाले, "तिला काय विचारायचं, ती खूशच होणार." शीर्षक बदलायचीही त्यांची तयारी होती, 'माझी मैत्रीण' असं काहीतरी. शीर्षक आहे तेच राहील एवढं मी पक्कं करून घेतलं. मुलगी शेजारीच असावी, मागे कुणीतरी "कोण आहे?" असं विचारत होतं. फोन तिच्याकडे गेला नाही.

तेव्हा आज स्थिती अशी आहे. एकीने स्पष्ट सांगितलंय की मैत्रिणीला कळायला हवं. दुसरीने कवितेत विचारलंय की माझं काय चुकलं, आणि त्याचं उत्तर आमच्याकडे छापायला तयार पडलंय. उत्तर ऐकायची तिची तयारी आहे का, तेही सगळ्या वर्गासोबत, हे तिला कुणी विचारलेलं नाही. तिने मदतच केली होती. 'सगळे हसले' ही ओळ ती पहिल्यांदा छापलेल्या पानावर वाचेल, बाजूला स्वतःचं नाव असेल. अडखळलेल्या मुलीचा विचार करताना ही शब्द सांगणारी माझ्या नजरेतून निसटत होती. सुबक अक्षराच्या, हुशार म्हटल्या जाणाऱ्या मुलांचं असं नेहमीच होतं.

सहकारी अजून समोरासमोरच्या पानांवर अडून आहेत. मी सध्या दोन्ही कविता अंकात लांब लांब लावल्या आहेत, खाडाखोडीची आधी, अष्टाक्षरी नंतर. वडिलांना पुन्हा फोन करणार आहे, शाळा सुटल्यावर, ती घरी असेल अशा वेळी. ती बोलेपर्यंत पानं छपाईला देणार नाही.